मामाची गॅलरी

घर विकायचं ठरलं की त्या घरात एकदा तरी सगळ्यांनी मिळून जेवायचं, हा आईचा नियम. तो कधी पडला हे आता कुणाला आठवत नव्हतं आणि मोडायची छाती कुणाची नव्हती. मोडकी घरं घ्यायची, ती नीट करायची आणि विकायची किंवा भाड्यानं द्यायची, यात आप्पांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्या प्रत्येक घरात, रंग सुकल्यावर आणि गिऱ्हाईक यायच्या आधी, रंगाऱ्यांची चादर अंथरून हे कुटुंब एकदा जेवलं होतं. आईचं म्हणणं असं की ज्या घरात आपल्या घशाखाली घास उतरला नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये.

आज तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात धाकट्या लेकीच्याच घशाखाली घास उतरत नव्हता.

बाकी सगळं रीतसर चाललं होतं. चादरीवर पाव, उकडलेली अंडी, बटाटे आणि काकडीच्या चकत्या मांडल्या होत्या. आई घरातले सगळे नळ सोडून, पुन्हा बंद करून, हात पुसत येऊन बसली होती. दादा फोनवर कुणाला तरी "आज पक्कं होतंय, आज पक्कं होतंय" असं सांगत खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होता. दादा थोरला, त्यामुळे व्यवहाराची बोलणी त्याच्याकडे. वहिनी शाळेत गणित शिकवायची. घरात कुणी अंदाजपंचे बोललं की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि या घरात अंदाजपंचे बोलणाऱ्यांना तोटा नव्हता.

आप्पा बिजागऱ्या तपासत हिंडत होते. मूळचे सुतार. कानावर पेन्सिल, खिशाला पेन. पेन्सिल मागेल त्याला मिळायची, पेन कुणालाच नाही. "दिलेलं पेन आणि दिलेला सल्ला कधी परत येत नाही," असं ते म्हणायचे, आणि सल्ला मात्र तरीही देतच राहायचे. गॅलरीचं दार त्यांनी स्वतः बसवलं होतं आणि नेहमीप्रमाणे खाली बोटभर फट ठेवली होती. घराला श्वास घेता आला पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. त्यांच्या दारांखालून वारा यायचा, धूळ यायची, एका घरात तर शेजारच्या मांजरीचं पिल्लू आलं होतं. पण तत्त्व ते तत्त्व.

"बघा कसं लागतंय," दार लावून उघडून ते म्हणाले. "इतकी घरं विकली, एक माणूस परत भांडायला आला नाही. एक नाही. याला काम म्हणतात."

हे वाक्य ते प्रत्येक घराच्या जेवणात म्हणत असत, म्हणून कुणी मान वर केली नाही. फक्त मामा म्हणाला, "खरंय दाजी," आणि अंडं सोलत राहिला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, परवाना असलेला दलाल. दाताच्या डॉक्टराच्या खालच्या गाळ्यात त्याचं काचेच्या दाराचं ऑफिस होतं. वर यंत्र घरघरलं की खाली गिऱ्हाईक घाबरून पटकन सही करतं, असं आप्पा चिडवायचे. या घराण्यानं घेतलेलं आणि विकलेलं प्रत्येक घर मामाच्या हातून गेलं होतं. धाकटी लहान असताना तोच तिला जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला घरांचे नकाशे काढून द्यायचा आणि विचारायचा, "सांग, स्वयंपाकघरातला धूर कुठं जाईल?" तिनं बरोबर सांगितलं तर पेपरमिंटची गोळी मिळायची.

तीच धाकटी आता भिंती फोडायची, पाईप बदलायची, भाडेकरूंची गाऱ्हाणी ऐकायची. घराच्या पोटात काय आहे हे तिला ठाऊक असायचं. पण व्यवहाराच्या दिवशी टेबलाशी दादा आणि मामा बसायचे, आणि ती भिंतीकडेच्या खुर्चीवर. समोरचा माणूस तिला "ताई, जरा पाणी मिळेल का," असं विचारायचा. दर वेळी तिनं पाणी दिलं होतं. या हिवाळ्यात तिला त्याचा कंटाळा आला.

तिनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं डोळ्यांनीच 'आता' असं म्हटलं.

"मी दलालीच्या परवान्याची परीक्षा दिली," धाकटी म्हणाली. "पास झाले."

आप्पांच्या हातातली काकडीची चकती हातातच राहिली. "कसला परवाना? गाडी तर चालवतेस तू."

"घरं विकायचा, आप्पा. मामाकडे आहे तसा."

मामाकडे कुणीही पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं, पण पाहत नसल्यासारखं.

दादानं मात्र फोन खिशात टाकला आणि तो चादरीवर बसला. त्याचा चेहरा खुलला होता. "हे झकास झालं. मी कधीपासून म्हणतोय, आपल्यातल्या कुणीतरी परवाना काढावा. घरं जाहिरातीत यायच्या आधी आपल्याला कळतील. बघायला जायचं तर दुसऱ्याच्या किल्लीची वाट बघत जिन्यात उभं राहायला नको. आणि घेताना-विकताना जी दलाली बाहेर जाते—" इथं त्याची जीभ अडखळली. "बाहेर म्हणजे, मामा, तू काही बाहेरचा नाहीस."

"छे," मामा म्हणाला. "मी अगदी आत बसलोय."

"दूध प्यायला गवळी व्हावं लागत नाही," आप्पा म्हणाले. "आपण घरं घेणारी माणसं. आपल्याला काय करायचाय परवाना?"

"रोज एवढं दूध लागत असेल तर म्हैस पाळलेली परवडते," दादा म्हणाला.

"म्हैस पाळली की शेणही आपणच काढायचं असतं," आई म्हणाली, आणि तिनं सगळ्यांच्या ताटलीत एकेक बटाटा वाढला.

वहिनीनं चष्मा सारखा केला. "आई, तेच तर. अभ्यास मीच घेतला हिचा, तेव्हा शेण किती ते मी सांगते. परवाना असला की घर बघायला गेल्यावर आधी सांगायचं, मी परवाना असलेली आहे आणि हे घर माझ्याचसाठी घेतेय, विकून कमवायला. दर थोड्या वर्षांनी पुन्हा वर्ग, पुन्हा शुल्क. आणि वर्षाकाठी एखादंच घर घेणाऱ्या माणसानं या भानगडीत पडू नये, असं माझं स्वतःचं मत आहे."

"तू हिच्या बाजूची आहेस की विरुद्ध?" दादानं विचारलं.

"मी गणिताच्या बाजूची आहे. आपण वर्षाला एक घर घेत नाही, चार-पाच घेतो. म्हणून मी अभ्यास घेतला."

"म्हणजे एखाद्या म्हातारीच्या घरी जायचं," आप्पा म्हणाले, "आणि दारातच सांगायचं, आजी, मी यातली जाणकार आहे आणि तुमच्या घरावर चार पैसे सोडवणार आहे. चहा तरी देईल का ती?"

"देते की," मामा म्हणाला. "साखर कमी घालते."

सगळे हसले. धाकटीही हसली, पण तिचं लक्ष मामाच्या हातांकडे होतं. त्यानं अंडं पूर्ण सोललं होतं आणि ते खाल्लं नव्हतं.

"कधी लागला निकाल?" त्यानं विचारलं.

"गेल्या महिन्यात."

"आणि अभ्यास?"

"हिवाळाभर."

"हिवाळाभर," मामा म्हणाला. हिवाळाभर ती आठवड्यातून दोनदा त्याच्या ऑफिसात जात होती, कधी किल्ली द्यायला, कधी नुसती बसायला. त्यानं तिला चहा पाजला होता आणि वरच्या यंत्राच्या घरघरीत दोघं गप्पा मारत बसली होती. त्यानं मान हलवली, खिशातून पेपरमिंट काढली, कागद सोडवला आणि गोळी हातातच धरून ठेवली. "छान. हुशार होतीसच तू. जेवून घ्या आधी."

धाकटीला त्या क्षणी वाटलं, परीक्षेत नापास झाले असते तर बरं झालं असतं. खरी गोष्ट अजून सांगायचीच होती. नव्या माणसाला एकदम आपला धंदा मांडता येत नाही, पहिली काही वर्षं एखाद्या जुन्या दलालाच्या हाताखाली काम करावं लागतं आणि अर्जावर त्याची सही लागते. महिनाअखेर सही झाली नाही तर परीक्षा पुन्हा. तिला जुना दलाल एकच माहीत होता. ज्याच्या ताटातलं आपण ओढणार, त्यालाच ते ताट धरून ठेव म्हणायचं होतं. अर्ज पिशवीत होता आणि पिशवी तिच्या गुडघ्याखाली.

ती तोंड उघडणार एवढ्यात आप्पांनी हात झटकले. "मामा," ते म्हणाले, "जरा हवा खाऊन या."

हीसुद्धा या घराण्याची एक रीत होती. परवाना असलेल्या दलालाला घरातला दोष माहीत असेल तर तो घेणाऱ्याला सांगावाच लागतो. पण माहीतच नसेल तर सांगणार काय? म्हणून फार वर्षांपूर्वी आप्पांनी तोड काढली होती. घरातल्या उणिवांचा विषय निघायच्या आधी मामानं गॅलरीत जायचं, दार ओढून घ्यायचं आणि रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या. बोलणं संपलं की काचेवर टकटक करायची आणि मामानं आत यायचं, धुतल्या तांदळासारखा. ज्या घरांना गॅलरी नव्हती तिथं तो जिन्यात उभा राहिला होता. एका बैठ्या घरात तर त्याला परसातल्या पाण्याच्या टाकीमागं उभं केलं होतं, ऐन उन्हाळ्यात.

मामा उठला. गुडघा धरून, जरा वेळ लावून. गोळी तोंडात टाकून तो गॅलरीत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

"घर घेणारी बाई येईल आता," आप्पा म्हणाले. "मागच्या खोलीतल्या भिंतीचं काय ते ठरवून ठेवू."

भिंतीचं दुखणं सगळ्यांना पाठ होतं. शेजारच्या इमारतीची पन्हळ फुटकी होती, शेजारी ती बदलत नव्हते आणि पावसाचं पाणी या भिंतीत मुरत होतं. धाकटीनं गिलावा खरवडून नवा केला होता, वर ओल धरणार नाही असा लेप दिला होता, आणि ओल आगंतुक पाहुण्यासारखी पुन्हा आली होती. शेवटी आप्पांनी त्या भिंतीवर एक कपाट बांधलं. काय कपाट होतं ते. दारं बोटानं ढकलावीत आणि श्वास सोडल्यासारखी लागावीत.

"मागच्या खोलीची ती भिंत पावसात ओली होते!" आई म्हणाली. ती असल्या वेळी नेहमीच फार मोठ्यानं बोलायची. कान जरा गेलेत, असं सगळे धरून चालले होते. "कपाटामागची! शेजारच्या पन्हळीमुळं!"

"आई, हळू. आम्ही इथंच आहोत," दादा म्हणाला. "कपाट आहे, कपाटाचं कौतुक करायचं, पुढं जायचं. विचारलं तर सांगू, नाही विचारलं तर नाही. नेहमीसारखं."

"मला एक कळत नाही," आप्पा धाकटीकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नाही अशा माणसाचा तो आवाज होता. "तो परवाना तू घेतलास. उद्या असंच एखादं घर असेल. तो गिलावा तूच खरवडलेला असणार, ती ओल तूच हातानं बघितलेली असणार. मामा गॅलरीत जातो. तू कुठल्या गॅलरीत जाशील?"

हिवाळाभर धाकटीनं नियम पाठ केले होते, कलमं पाठ केली होती, आणि हा साधा प्रश्न पुस्तकात कुठंही नव्हता.

दादाचा खुललेला चेहरा हळूहळू मावळला. "थांब. म्हणजे आपल्याला माहीत असलेलं सगळं सांगावं लागणार? प्रत्येक घराचं? मग नकोच तो परवाना. दलाली वाचवायला जायचं आणि घरच स्वस्तात द्यायचं, हा कुठला शहाणपणा? हातचं सोडून पळत्याच्या पाठी."

"मघाशी म्हैस तूच पाळत होतास," वहिनी म्हणाली.

"मघाशी मला शेणाचा अंदाज नव्हता."

"मला होता," वहिनी म्हणाली. "आणि आत्तापर्यंत मी नुसत्या गणितावर होते. पण मामांना उन्हात उभं करून आपण आत कुजबुजायचं, हे मला लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून कसंतरी वाटतं. हिनं परवाना घ्यावा. आता मी हिच्याच बाजूची."

"मी नाही म्हणतोय असं समज," दादा धाकटीला म्हणाला. "आणि आप्पाही."

तेवढ्यात घंटी वाजली. घेणारी बाई वेळेआधीच आली होती.

चादर गुंडाळली गेली, ताटल्या ओट्याखाली गेल्या, काचेवर टकटक झाली आणि मामा आत आला. सगळं इतक्या सराईतपणे झालं की दार उघडलं तेव्हा पाचही जण आपण नुकतेच योगायोगानं इथं भेटलो आहोत अशा चेहऱ्यानं उभे होते. मामाचा चेहरा तेवढा नेहमीचा होता.

बाई पुस्तकं बांधायची. जुनी, सुटलेली पुस्तकं लोक तिच्याकडे आणून देत आणि ती त्यांना शिवून, नवी पाठ लावून परत देई. बोटांच्या टोकांना वाळलेला गोंद होता आणि खांद्यावरच्या पिशवीतून मोठ्या कागदांची गुंडाळी डोकावत होती. तिनं खिडक्या उघडून पाहिल्या, गॅलरीत जाऊन आली, नळ सोडून पाहिला. आईला ती तिथंच आवडली.

मग ती मागच्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार तिनं बोटानं ढकललं. दार श्वास सोडल्यासारखं लागलं.

"हे कुणी केलं?"

"मी," आप्पा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना त्यांना सहसा कुणी ऐकलं नव्हतं.

"किती सुंदर आहे." तिनं फळीवरून हात फिरवला. "माझं सगळं काम कागदाचं. अशा फळ्या मला कुठंच मिळाल्या नव्हत्या."

दादा छताकडे पाहू लागला. आप्पा बिजागरीकडे. वहिनी दादाकडे, आणि तिची नजर काही चांगली नव्हती. मामा गॅलरीकडे तोंड करून उभा होता.

धाकटीनं बाईच्या बोटांकडे पाहिलं. परवाना अजून तिच्या हातात नव्हता. अर्जावर सही नव्हती. कायद्यानं या क्षणी ती कुणीच नव्हती, भिंतीकडेच्या खुर्चीवर बसणारी बाई. गप्प राहिली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. तिच्या डोळ्यांसमोर मात्र त्या फळीवरचे कागद आले, कुणाकुणाचे, दुरुस्तीला दिलेले, कडेनं फुगलेले.

"त्या भिंतीला ओल येते," ती म्हणाली. "पावसात. मी गिलावा नवा केला, लेपही दिला, पण पाणी शेजारच्या पन्हळीतून मुरतं. कपाट त्यासाठीच आहे. इथं कागद ठेवू नका."

दादानं डोळे मिटून घेतले. झालं, धाकटीला वाटलं. घर गेलं, आप्पा दुरावले, आणि आता मामाही सही करणार नाही. पण हलकंही वाटलं, हे तिला नाकारता आलं नाही.

"हो, माहितीये," पुस्तकं बांधणारी बाई म्हणाली. "मामांनी सांगितलंय ना. पहिल्याच दिवशी, जिन्यात. म्हणून तर किंमत माझ्या आवाक्यात आली. इथं मी गोंदाचे डबे ठेवणार. डब्यांना ओलीचं काय? कागद पुढच्या खोलीत." मग तिनं धाकटीकडे नीट पाहिलं. "पण तुम्ही सांगितलंत हे बरं वाटलं. पुढच्या कागदपत्रांसाठी मी तुमच्याशीच बोलू का?"

"माझ्याशीच बोला," धाकटी म्हणाली. आवाज आपलाच आहे की नाही, याची तिला क्षणभर खात्री नव्हती.

बाई घर पक्कं करून, आप्पांना कपाट हलवू नका असं दोनदा बजावून गेली. दार लागलं. जिन्यातली पावलं खाली विरली. मग चार माणसं एकदम मामाकडे वळली.

"जिन्यात?" दादा म्हणाला.

मामा शांतपणे खाली बसला आणि राहिलेलं अंडं त्यानं ओट्याखालून ओढून घेतलं. "जिन्यात बरं पडतं. निवांत असतं."

"पण तुम्हाला कळलं कसं?" आप्पा म्हणाले. "तुम्ही तर या भिंतीचं बोलणं निघालं की दर वेळी गॅलरीत होतात."

"दाजी, दारं कोण बसवतं?" मामानं मीठ लावलं. "खाली बोटभर फट. घराला श्वास घेता आला पाहिजे. गॅलरीत उभं राहिलं की आतलं अक्षर न् अक्षर ऐकू येतं. ताईचं तर दोन मजले खाली ऐकू येत असेल."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई ताटल्या पुसत होती. "मग काय, पुटपुटू? हा तिथं उन्हात तिष्ठत उभा राहणार, त्याला नीट ऐकू तरी नको यायला?" ती म्हणाली, अगदी हळू, मुलायम आवाजात. तिच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं.

"मागच्या घराचं पण सांगितलंत?" आप्पांनी विचारलं. "त्या कललेल्या जिन्याचं?"

"सांगितलं."

"त्याच्या आधीच्या? गटाराचं?"

"सगळ्यांचं, दाजी. पहिल्या घरापासून. मला सांगावंच लागतं, आणि नसतं लागलं तरी माझ्या पोटात राहिलं नसतं. तुम्ही म्हणता ना, एक माणूस परत भांडायला आला नाही. येणार कसा? सगळं माहीत असूनच घेतलं होतं प्रत्येकानं."

आप्पांचा चेहरा एखादी फळी उलटी लागल्यावर व्हायचा तसा झाला होता. मग ते वळले, गॅलरीत गेले आणि दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं. इतक्या वर्षांत त्या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते.

"रागावले," वहिनी म्हणाली.

"म्हणजे आपण कधी कुणाला फसवलंच नाही," दादा म्हणाला. त्याला ही बातमी चांगली की वाईट ते ठरवता येत नव्हतं. "पण मग परवाना घेतला आणि सगळं सांगत बसलो तर आपण कमवायचं काय?"

"आजवर जे कमावलं तेच," वहिनी म्हणाली. "बरोब्बर तेवढंच. काढ गणित."

दादानं मनातल्या मनात काढलं, आणि ते बरोबर आलं.

धाकटी मामाच्या समोर बसली. आता लांबवण्यात अर्थ नव्हता. "मामा, अर्जावर जुन्या दलालाची सही लागते. त्याच्या हाताखाली काम करायचं असतं. मी तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ? आणि तुझ्याकडे तरी कुठल्या तोंडानं येऊ?"

"याच तोंडानं," मामा म्हणाला. "दुसरं आहे का?" मग त्याचा आवाज जरा खाली आला. "वाईट वाटलं मला. परवाना काढलास त्याचं नाही. हिवाळाभर समोर बसून चहा प्यालीस आणि बोलली नाहीस, त्याचं. मी शिकवलं असतं ना. नकाशे कुणी शिकवले तुला?"

"तूच."

"मला वाटत होतं, माझ्यानंतर त्या काचेच्या दारावरची पाटी उतरवायला कुणाला बोलवायचं. आता उतरवायला नको. खाली एक नाव वाढवायचं फक्त." त्यानं हात पुढं केला. "आण तो अर्ज. एक अट आहे. मी पुन्हा गॅलरीत जाणार नाही. उन्हाळ्यात भाजतं, थंडीत गारठतं, आणि आता गुडघाही ऐकत नाही."

"दोघंही आतच बसू," धाकटी म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तिला कुठं जायचं नव्हतं. आप्पांच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तरही तिला आत्ता मिळालं होतं.

दादा हळूच म्हणाला, "आप्पांना विचारल्याशिवाय नको. त्यांचा नकार आहे."

मामानं अर्ज गुडघ्यावर पसरला, खिशातून पेन काढलं आणि सही करायला गेला. पेन उमटेना. त्यानं ते झटकलं, कागदाच्या कोपऱ्यावर गिरवलं, तोंडानं फुंकलं. नुसता ओरखडा उठत होता.

"कुणाकडे पेन आहे का?" तो म्हणाला.

वहिनीनं पर्स चाचपली. दादानं खिसे पाहिले. कुणाकडे नव्हतं.

गॅलरीत जरा हालचाल झाली. कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकत असल्यासारखी. मग दाराखालच्या फटीतून एक पेन आत सरकलं, नव्या फरशीवरून घरंगळत आलं आणि धाकटीच्या पायाशी येऊन थांबलं.